नोंदणी झाली, मग प्रॉपर्टी कार्डावर आमचं नाव का नाही?

पत्राचा सारांश : एका वाचक भगिनीने आणि त्यांच्या पतीने आठ महिन्यांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका शहरात, जुन्या सहकारी सोसायटीतला रिसेलचा फ्लॅट घेतला. बँकेचं कर्ज आहे, दस्त नोंदवला, ताबा मिळाला, राहायलाही आले. मध्यंतरी एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "प्रॉपर्टी कार्डावर नाव चढवलंत का?" तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला आहे. ऑनलाइन मिळकत पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड, काढली, तर तिच्यावर कुणा अनोळखी तिघांची नावं. मालमत्ता कराचं बिल अजून विक्रेत्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावाने येतं. इंडेक्स दोनवर, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर, 'बी' विंगच्या जागी 'ए' छापलं आहे. विक्रेत्यांना हा फ्लॅट वडिलांच्या पश्चात नॉमिनी म्हणून मिळाला, असा उल्लेख दस्तात आहे. त्यांची एक बहीण परगावी असते. पती म्हणतात, "रजिस्ट्री झाली, बँकेने कर्ज दिलं, आता उकरून काय काढायचंय?" दीर म्हणतात, आधी वकिलाची नोटीस पाठवा. एक एजंट ठोक रक्कम घेऊन 'सगळीकडे नाव चढवून' द्यायला तयार आहे. भगिनी विचारतात : आमची फसवणूक झाली आहे का? आणि घर घेऊन झाल्यावर कागद तपासत बसणं म्हणजे वरातीमागून घोडं नाही का?

ताई,

तुमच्या पत्रात चार गोष्टी एका दमात आल्या आहेत : मिळकत पत्रिका, कराचं बिल, विंगचं चुकलेलं अक्षर आणि विक्रेत्यांची बहीण. पहिलीने तुमची झोप उडवली आहे. चौथीवर तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे, तेही जाता जाता. मी हा क्रम उलटा लावेन. मिळकत पत्रिकेवर तुमचं नाव नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही. विक्रेत्यांच्या हाती ते घर कोणत्या हक्काने आलं, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो लगेच हाती घ्यायला हवा. फसवणूक झाली, असं तुमच्या पत्रावरून दिसत नाही. अर्धवट राहिलेलं काम दिसतं.

आधी मिळकत पत्रिकेचं बघू, म्हणजे निदान तो घोर तरी मिटेल. मिळकत पत्रिका किंवा सातबारा ही जमिनीची नोंद असते. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका, इतरत्र सातबारा. त्या जमिनीचा धारक कोण, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. त्यावर उभ्या असलेल्या इमारतीतला कुठला फ्लॅट कुणाचा, हे साधारणपणे नसतं. सोसायटीतल्या फ्लॅटधारकाचा हक्क नोंदणीकृत दस्तातून आणि सोसायटीच्या सभासदत्वातून येतो. तुमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची नावं तरी त्या पत्रिकेवर आहेत का, हे एकदा पाहा. नसणारच.

मग ते तिघे कोण? बहुधा मूळ जमीनमालक किंवा त्यांचे वारस. बिल्डरने इमारत बांधली, फ्लॅट विकले, सोसायटी नोंदवली गेली, पण जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे आपण ज्याला कन्व्हेयन्स म्हणतो, ते करून द्यायचं राहून गेलं. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका कायद्यात कलम ११ प्रमाणे ते करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तरीही असंख्य सोसायट्यांचं ते झालं नाही, म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, डीम्ड कन्व्हेयन्सची, वाट काढून दिली : सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, बिल्डर किंवा जमीनमालक सहकार्य करत नसला तरी सुनावणी होऊन आदेश निघू शकतो. हे काम सोसायटीचं आहे, एकट्या सभासदाचं नाही. पुढे पुनर्विकासाचा विषय निघेल तेव्हा ही उणीव सगळ्यांना जाचेल, म्हणून सर्वसाधारण सभेत हा प्रश्न जरूर विचारा. पण त्यापायी तुमच्या फ्लॅटवरचा तुमचा हक्क डळमळीत होत नाही.

त्या पत्रिकेवर तुम्ही पाहावं असं एक वेगळंच आहे. नावांच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा तिथला सत्ताप्रकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते सांगणारा, रकाना. जमीन शासनाची, भाडेपट्ट्याची किंवा भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी, असेल, तर फ्लॅटच्या हस्तांतरालाही जिल्हाधिकारी किंवा ज्याची जमीन त्या संस्थेची परवानगी लागू शकते. तशी नोंद आढळली, तर परवानगी घेतली होती का, हे विक्रेत्यांना आणि सोसायटीला विचारायलाच हवं. जमीन खासगी मालकीची असेल तर हा मुद्दा तिथेच संपला.

आता त्या एजंटचं. सोसायटीतल्या फ्लॅटसाठी मिळकत पत्रिकेवर 'नाव चढवून देतो' म्हणणारा माणूस, मुळात जे होत नसतं त्याचे पैसे मागतो आहे. बाकी जी नावं खरोखर बदलायची असतात, म्हणजे सोसायटी, मालमत्ता कर, वीज, ती तुम्ही स्वतः अर्ज करून बदलू शकता. त्याला नको म्हणा. कोऱ्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर सही तर अजिबात करू नका.

तुमच्या पतींचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. कर्ज, शिफ्टिंग, हप्ते यांतून नुकतं कुठे बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा फायली उघडाव्याशा वाटत नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण त्यांच्या वाक्यात दोन गृहीतकं आहेत आणि दोन्ही तपासून पाहायला हवीत.

पहिलं, रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारने मालकीवर शिक्का मारला. तसं नसतं. मालमत्ता हस्तांतराच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणे घराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, म्हणून नोंदणीला पर्याय नाही. पण दुय्यम निबंधक कार्यालय पाहतं ते पक्षकारांची ओळख, त्यांची कबुली, मुद्रांक शुल्क, जोडलेले कागद. विकणाऱ्याकडे विकण्याइतका हक्क होता का, याचा निवाडा ते देत नाही. विक्रेत्यांकडे जेवढा हक्क होता तेवढाच नोंदणीने तुमच्याकडे आला. ज्यांना सातबारा किंवा कराची पावती म्हणजेच मालकी वाटते, त्यांच्यासाठीही हे सांगायला हवं : फेरफार नोंदीने, म्हणजे महसुली दप्तरातल्या नावबदलाने, मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, ती महसुलाच्या कामासाठी असते, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. पुरावा म्हणून तिला वजन आहेच, पण मालकीचा उगम तिथे नाही.

दुसरं, बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद चोख. बँकेच्या पॅनलवरचा वकील शोध अहवाल, म्हणजे मालकीचे जुने दस्त तपासून केलेला अहवाल, देतो तो बँकेचं कर्ज सुरक्षित राहावं म्हणून. बहुतेक वेळा तो काळजीपूर्वक केलेला असतो, पण बँकेपाशी तुमच्या पगाराचाही आधार आहे. तुमच्यापाशी फक्त घर आहे. तेव्हा त्या अहवालाची प्रत बँकेकडे लेखी मागा. तो मिळाला तर वडिलांच्या वारसांबद्दल त्यात काय लिहिलंय, तेवढं आधी वाचा. बहिणीचं हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त, वकिलांनी पाहिल्याचा उल्लेख तिथे असेल, तर तुमची निम्मी काळजी त्याच क्षणी मिटेल.

आता मुख्य विषय. विक्रेत्यांच्या वडिलांनी सोसायटीत मुलाचं नाव नॉमिनी म्हणून दिलं होतं आणि त्यांच्या निधनानंतर सोसायटीने शेअर सर्टिफिकेट मुलाच्या नावावर केलं. आपल्याकडे सर्रास समज असा की नॉमिनी म्हणजे मालक. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. मालकी ठरते ती मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण सोसायट्यांसाठी जे स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं, त्यात तर हे स्पष्टच लिहिलं आहे : खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद.

कुटुंबाला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल आणि वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि त्या वेळी हयात असेल तर त्यांची आई, हे सगळे एकाच वेळी वारस होतात. वाटा सारखा. मुलीचं लग्न झालं आहे, ती परगावी असते, तिने कधी काही मागितलं नाही, याने तिचा वाटा कमी होत नाही. वारस कोण, हे मृत्यूच्या दिवशी ठरतं. विक्रेत्यांची आई तेव्हा हयात असेल आणि नंतर वारली असेल, तर तिचाही वाटा पुढे तिच्या मुलांकडे, म्हणजे पुन्हा त्या बहिणीकडेही गेला. म्हणून तुम्हाला तीन गोष्टी कळायला हव्यात : वडिलांच्या मृत्यूची तारीख, त्या दिवशी हयात असलेली जवळची माणसं, आणि त्यांतल्या प्रत्येकाने हक्क सोडल्याचा किंवा संमती दिल्याचा नोंदणीकृत कागद.

तो कागद असूही शकतो, हे लक्षात ठेवा. पुष्कळ घरांत वडील गेल्यावर बहिणी रीतसर हक्कसोडपत्र करून देतात आणि तो दस्त फाइलमध्ये पडून राहतो. विक्रीच्या दस्तात फक्त नॉमिनेशनचा उल्लेख येतो, कारण मसुदा करणाऱ्याने सोसायटीचा कागद समोर ठेवून मजकूर उतरवलेला असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुम्ही स्वतः शोधू शकता. वडील गेल्याच्या वर्षापासून पुढची वर्षं, गावाचं नाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकून बघा. 'ए' आणि 'बी' दोन्ही विंग बघा, कारण अशा याद्यांत अक्षरं चुकतात हे तुम्ही अनुभवलंच आहे. सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं मात्र धरू नका. वकिलाकडून रीतसर शोध घेतलेला बरा. शेअर सर्टिफिकेटही उलटून पाहा. मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता असतो : तारीख, कुणाकडून कुणाकडे, सभासद नोंदवहीचा क्रमांक आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदारांच्या सह्या. मुलाच्या नावापुढे जी तारीख आहे, त्या सुमाराला सोसायटीकडे कोणते कागद दिले होते, हे सचिवांना विचारता येतं.

एवढं करूनही बहिणीचा दस्त सापडला नाही, तर? इथे दिरांचा सल्ला बाजूला ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. वकिलाची नोटीस ही या प्रकरणातली शेवटची पायरी आहे. नोटीस गेली की विक्रेते त्यांचा वकील गाठतील, बहिणीला वाटेल भावाने काहीतरी दडवलं, आणि जिची एक सही हवी होती ती व्यक्ती पक्षकार होऊन बसेल. जाहीर नोटीस वर्तमानपत्रात द्या असंही कुणी सुचवेल. बहिणीशी बोलण्याआधी ते तर करूच नका. आपल्या वडिलांच्या घराबद्दल तिला पेपरातून कळावं, हे कुठल्याही अर्थाने बरं नाही.

त्याऐवजी विक्रेत्यांना फोन करा. फोनवर असं काहीसं म्हणा : "दादा, आमच्या फाइलमध्ये वडिलांच्या वारसांचा एक कागद कमी दिसतोय. ताईंनी हक्कसोड करून दिलं असेल तर त्याची प्रत द्याल का? नसेल तर आपण मिळून एक छोटा दस्त करून घेऊ, नोंदणीचा खर्च आम्ही करतो." खर्च आपण करतो हे आधीच सांगितलेलं बरं, अशा वेळी निम्मी टाळाटाळ खर्चाच्या धास्तीने असते. तुम्ही लिहिलंय की असं विचारणं म्हणजे भल्या माणसावर अविश्वास दाखवणं होईल. मला तसं वाटत नाही. त्यांनी तुम्हाला दस्तात लिहून दिलेलं आहे की मिळकत निर्वेध आहे आणि विकण्याचा पूर्ण अधिकार त्यांना आहे. कायदाही विक्रेत्याकडून तशी हमी गृहीत धरतो. त्या शब्दामागचा कागद मागण्यात कसला आलाय अपमान?

उशीर झाला का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. तपासायचं ते खरेदीआधीच, यात वाद नाही. पण आज विक्रेते हयात आहेत, त्यांचा फोन लागतो, बहिणीशी त्यांचं बोलणं चालणं आहे, सोसायटीचे जुने सचिव अजून इमारतीत आहेत. दहा वर्षांनी तुम्ही फ्लॅट विकायला काढाल आणि समोरच्याचा वकील हाच कागद मागेल, तेव्हा एका सहीऐवजी तिच्या मुलांच्या, सुनांच्या, परदेशी गेलेल्या नातवंडांच्या सह्या गोळा करत फिरावं लागेल. आठ महिने हा काही उशीर नव्हे.

दस्त कोणता करायचा, हे वकिलांना ठरवू द्या. बहिणीने भावाच्या नावे हक्कसोड करायचं, की तुमच्या खरेदीला पुष्टी देणारा दस्त थेट तुमच्या नावे करून द्यायचा, हे सगळे कागद पाहून ठरेल. आधीच विक्री झालेली असल्याने मसुदा जपून करावा लागतो. एका गोष्टीवर मात्र ठाम राहा : तो नोंदणीकृत हवा. साध्या कागदावरची किंवा नोटरीपुढची संमती तुम्हाला पुढे तारेल, या भरवशावर राहू नका. मृत्युपत्र आहे असं विक्रेत्यांनी सांगितलं तर त्याची प्रत घ्या आणि तीही वकिलांना दाखवा. आणि बहिणीने सही द्यायला नकार दिला, वाटाच मागितला, तर मग बोलणी दोन्ही बाजूंच्या वकिलांमार्फत व्हायला हवीत. तेव्हा तुमच्या दस्तातलं नुकसानभरपाईचं कलम तुमच्या कामी येईल. ते कलम आहे का, आजच वाचून ठेवा.

चुकलेल्या विंगचं काम त्या मानाने सोपं. इंडेक्स दोन, म्हणजे सूची क्रमांक दोन, ही तुमच्या दस्ताची गोषवाऱ्यासारखी नोंद. तिच्या चौथ्या रकान्यात 'भू-मापन, पोटहिस्सा व घरक्रमांक' असतो. विंग तिथेच चुकली असणार. आता मूळ दस्त उघडा आणि शेवटची अनुसूची, शेड्यूल, वाचा. तिथे 'बी' असेल तर चूक फक्त सूची भरताना झाली. दस्ताची प्रत जोडून दुय्यम निबंधकांकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दस्तातच 'ए' असेल, तर अर्जाने भागणार नाही. चूक दुरुस्ती दस्त करावा लागेल आणि तो नोंदवायला मूळ दस्तातले दोन्ही पक्ष लागतील, म्हणजे विक्रेतेही. तसं असेल तर बहिणीचा दस्त आणि हा दुरुस्ती दस्त एकाच दिवशी उरकता येईल. विक्रेत्यांना दोनदा बोलवावं लागणार नाही.

याच बैठकीत इंडेक्स दोनचे बाकीचे रकानेही बोट ठेवून वाचा. पाचव्यात क्षेत्रफळ, ते चटई क्षेत्र आहे की बांधीव, आणि दस्ताशी जुळतं का. सातव्यात लिहून देणाऱ्याचं, आठव्यात लिहून घेणाऱ्याचं नाव : तुमचं आणि पतींचं दोघांचंही हवं, आधार आणि पॅनवर असतं तसंच स्पेलिंग, तेच मधलं नाव. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव यांत गोंधळ झालेल्या कितीतरी बायकांची पत्रं या सदराकडे येतात. ती दुरुस्ती जितकी लवकर तितकी बरी.

सोसायटीचं सभासदत्व तुम्ही अजून घेतलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं. ते तातडीने करा. हस्तांतराचे विहित नमुने विक्रेत्यांच्या आणि तुमच्या सहीने भरायचे, सोबत इंडेक्स दोन आणि दस्ताची प्रत, मूळ शेअर सर्टिफिकेट बँकेत असेल तर बँकेचं पत्र. अर्ज नुसता हाती देऊन येऊ नका, आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. हस्तांतराचं अधिमूल्य म्हणून सोसायटी मनमानी रक्कम मागू शकत नाही. महापालिका क्षेत्रात २००१ च्या शासन आदेशाने कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, आणि 'स्वेच्छा देणगी'च्या नावाखालीही जास्त मागता येत नाही. विनाकारण अडवणूक झाली तर उपनिबंधकांकडे दाद मागता येते. सभासदत्व मिळालं की लगेच स्वतःचं नामनिर्देशन भरा, आणि नॉमिनीबद्दल वर जे लिहिलं ते लक्षात ठेवून दोघांनी मृत्युपत्रंही करा.

कराच्या बिलाने तुम्ही बावरलात, पण विक्रेत्यांच्या वडिलांचं नाव तिथे राहणं हे अगदी नेहमीचं आहे. मुलाने भरणा चालू ठेवला, नाव बदललं नाही, इतकंच. नावापेक्षा थकबाकी पाहा, कारण मालमत्ता कराचा बोजा मिळकतीवर असतो. जुनी बाकी तुमच्याच दाराशी येईल. महापालिकेच्या कर विभागात इंडेक्स दोन, शेवटची पावती आणि सोसायटीचा ना-हरकत दाखला देऊन नावात बदल होतो. वीजमीटरही त्याच सुमाराला नावावर करून घ्या.

तुमच्यासारखाच प्रश्न पडलेल्या, पण फ्लॅटऐवजी प्लॉट, बंगला किंवा स्वतंत्र जमिनीसह रो-हाऊस घेतलेल्या वाचकांना वर मिळकत पत्रिकेबद्दल लिहिलं ते लागू नाही. त्यांचं नाव सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर यायलाच हवं. दस्त नोंदवला की त्याची माहिती महसूल खात्याकडे जाते, सातबारा असेल तिथे तलाठी फेरफार घेतात, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद कुठवर आली, हे 'आपली चावडी' या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतं. फेरफार 'प्रलंबित' किंवा 'तक्रार नोंद' दिसला तर थांबून राहू नका, तलाठी कार्यालयात जाऊन कारण विचारा. नोंद झाल्यावर ताजा, डिजिटल सहीचा उतारा काढून इतर हक्कांचा रकाना वाचा. जुन्या मालकाच्या पतसंस्थेचा किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा तिथे उतरवायचा राहून गेलेला असतो.

आणि ज्यांनी थेट बिल्डरकडून नवा फ्लॅट घेतला आहे, त्यांनी भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत वापरायला दिलेल्या परवानगीच्या दाखल्याची, प्रत आधी हातात घ्यावी. आपली विंग, आपला मजला त्यात आहे ना, हे पाहावं, कारण ते कधीकधी इमारतीच्या एका भागापुरतंच असतं. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यानंतर सामायिक जागांसह नकाशे आणि कागदपत्रं मागण्याचा हक्क घर घेणाऱ्याला आहे, आणि ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दूर करायचा आहे. ताबापत्रावरची तारीख म्हणूनच जपून ठेवायची.

तुमचे मूळ कागद बँकेत आहेत. बँकेकडून जमा कागदांची शिक्का मारलेली यादी मागा. तिच्यात वडिलांनी बिल्डरशी केलेला मूळ करार आहे का, ते पाहा. जुन्या इमारतींत हाच कागद गहाळ असतो आणि मालकीची साखळी तिथे तुटते. नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत काढता येते. कर्ज फिटेल तेव्हा यादीतला एकेक कागद परत मिळायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशांप्रमाणे पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, आणि बँकेच्या दिरंगाईने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची असते. घराचा मोबदला पन्नास लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर विक्रेत्यांच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (प्राप्तिकर) कापून भरल्याचं प्रमाणपत्रही याच फाइलमध्ये असू द्या.

वकील निवडताना मिळकतीचं काम नेहमी करणारा निवडा, आणि बँकेच्या पॅनलवरचा किंवा विक्रेत्यांचा नको. त्यांच्याकडे जाताना दस्त, इंडेक्स दोन, शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंची प्रत आणि मिळालाच तर बँकेचा शोध अहवाल न्या. 'कागद बरोबर आहेत का' असं मोघम विचारू नका. विचारा : वडिलांचे वारस कोण, त्यांतल्या कुणाचा नोंदणीकृत कागद नाही, आणि तो मिळवायला कोणता दस्त करावा लागेल. उत्तर लेखी घ्या. विक्रेत्यांना फोन त्यानंतर करा, म्हणजे कोणता कागद मागायचा हे तुम्हाला नेमकं ठाऊक असेल. त्या भेटीला पतींना सोबत न्या. तुमच्या सांगण्याने जे त्यांना उकरून काढणं वाटतं, ते वकिलांच्या टेबलावर कागद समोर ठेवून ऐकलं की त्यांना पटेल.